बोटीचं डिझेल इंजिन ‘बांधतात’ म्हणजे नेमकं काय करतात? ओव्हरहॉल, रिबोअर आणि क्रँक ग्राइंडिंग सोप्या भाषेत

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी साधारणपणे १ जून ते ३१ जुलै बंद असते. म्हणजे ६१ दिवस. या काळात तारकर्लीला आलात तर खवळलेला समुद्र आणि बंद असलेले वॉटर स्पोर्ट्स एवढंच दिसेल. पण मालवणच्या बाजूला किनाऱ्यावर ओढलेल्या बोटींवरची ताडपत्री उचलून पाहिलं, तर बऱ्याच ठिकाणी इंजिन उघडलेलं असतं. वर्षभराची झीज याच दोन महिन्यांत भरून काढायची असते. नारळी पौर्णिमा झाली की दर्यात जायचंच असतं.

माझ्या काकांच्या बोटीचं इंजिन अशाच एका पावसाळ्यात ‘फुल’ बांधून झालं होतं. हंगामाच्या तिसऱ्या फेरीला ऑइल प्रेशर पडलं, इंजिन जाम झालं आणि दुसऱ्या बोटीने ओढून किनाऱ्याला आणावं लागलं. नंतर भांडण झालं. मेकॅनिक म्हणाला मशीन शॉपची चूक, मशीन शॉप म्हणालं बेअरिंग खराब होतं. खरं काय ते कळलंच नाही, कारण एकही माप कुणी लिहून ठेवलं नव्हतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे लॉग नसेल तर बग सापडत नाही. इंजिनाचंही अगदी तसंच आहे, हे तेव्हा समजलं. या लेखात आपण पाहूया की इंजिन बांधताना काय काय करतात, कुठे काय मोजायचं असतं आणि घरच्या बोटीचं किंवा ट्रॅक्टरचं काम चालू असताना तुम्ही काय विचारायला हवं.

आधी बेसिक: डिझेल इंजिनचा जीव कॉम्प्रेशनमध्ये

पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लग असतो, डिझेलमध्ये नसतो. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्ग इथे जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं, त्याची मूळ कल्पनाच ही होती की हवा इतकी दाबायची की ती आपोआप प्रचंड तापेल आणि इंधन त्यात फवारताच पेटेल.

गणित बघा. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस धरू. ती मूळ जागेच्या अठराव्या भागात दाबली, तर हिशेबाने तिचं तापमान साधारण ५५० अंशांच्या वर जातं. डिझेल पेटायला २१० अंशांच्या आसपासचं तापमानही पुरतं. म्हणजे सगळं ठीक असेल तर भरपूर शिल्लक आहे.

पण पिस्टनच्या रिंगा झिजल्या, सिलेंडर वाकडातिकडा घासला किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर दाबलेली हवा निसटते. दाब कमी, म्हणून तापमान कमी, म्हणून डिझेल अर्धवट जळतं. मग सकाळी इंजिन लवकर घेत नाही, धूर येतो, डिझेल जास्त लागतं. इंजिन बांधण्याचा मुख्य हेतू हाच: निसटणारी हवा थांबवायची आणि तेलाचा दाब परत आणायचा.

इंजिन उघडण्याआधी धूर आणि तेल बघा

सरळ पाना घेऊन इंजिन उघडू नका. आधी लक्षणं नोंदवा.

- काळा धूर: इंधनाच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर, नोझल, टर्बो किंवा इंजिनवर जास्त लोड.
- निळसर धूर: इंजिन ऑइल जळतंय. रिंग, लायनर किंवा व्हॉल्व्ह गाइड.
- पांढरा धूर: डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा सिलेंडरमध्ये पाणी येतंय. थंडीत स्टार्ट करताना थोडा वेळ आला तर घाबरू नका.
- ऑइल चहासारखं दुधाळ: ऑइलमध्ये पाणी. हेड गॅस्केट, ऑइल कूलर किंवा चिरलेलं हेड.
- ऑइल भरायच्या झाकणातून जोरात वाफा: रिंगांमधून दाब खाली निसटतोय.

यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट. प्रत्येक सिलेंडरचा दाब गेजने मोजतात. इथे एका आकड्यापेक्षा सिलेंडरांमधला फरक जास्त बोलतो. सहापैकी पाच सारखे आणि एक खूपच खाली असेल, तर दोष त्या एकात शोधायचा. सगळेच खाली असतील तर सर्वसाधारण झीज आहे. नुसते नोझल खराब असताना पूर्ण इंजिन उघडलेलं, असं होऊ नये म्हणून ही पायरी.

‘हाफ’ काम आणि ‘फुल’ काम

गॅरेजमध्ये हे दोन शब्द सर्रास ऐकू येतात. ‘हाफ’ म्हणजे ढोबळमानाने वरचं काम: हेड, व्हॉल्व्ह, पिस्टन, रिंग, लायनर. ‘फुल’ म्हणजे क्रँकशाफ्ट बाहेर काढून त्याची बेअरिंगं, ऑइल पंप, बुश सगळंच. पण ही काही प्रमाणित व्याख्या नाही. प्रत्येक मिस्त्रीचा अर्थ वेगळा असू शकतो. म्हणून ‘फुल काम’ एवढ्यावर सौदा करू नका, काय काय येतं ते लिहून घ्या.

मशीन शॉपमध्ये काय होतं?

घरच्या घरी इंजिन सोडता आणि जोडता येतं. पण धातू शतांश मिलिमीटरमध्ये कापायचा असेल तर मशीन शॉप लागतं. मोठ्या क्रँकचं काम बऱ्याचदा घाट चढून कोल्हापूरला पाठवतात. शिवाजी उद्यमनगर आणि शिरोलीच्या फाउंड्री आणि मशीन शॉपमुळे ते शहर या कामासाठी ओळखलं जातं. पावसाळ्यात घाटरस्ता कधी बंद होईल याचा नेम नसतो, त्यामुळे क्रँक जूनमध्येच पाठवलेला बरा.

अंदाज यावा म्हणून लक्षात ठेवा: झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. खालची बरीचशी मापं त्याच्याही आतली आहेत.

१. सिलेंडर: रिबोअर की नवा लायनर?

सिलेंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टन वरच्या टोकाला क्षणभर थांबतो. तिथे तेलाचा थर सर्वात पातळ आणि वायूचा दाब सर्वात जास्त, म्हणून तिथली झीज सर्वाधिक. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका असल्याने पिस्टन बाजूच्या भिंतीवर रेटला जातो, त्यामुळे गोल छिद्र हळूहळू लंबगोल होतं.

म्हणून डायल बोअर गेजने प्रत्येक सिलेंडर तीन उंचींवर आणि दोन दिशांना मोजतात. एका सिलेंडरची सहा मापं. सहा सिलेंडरच्या इंजिनाची ३६. फक्त बोट फिरवून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

समजा मूळ बोअर १०० मिलिमीटर आहे आणि सर्वात झिजलेल्या जागी १००.३२ भरला. ओव्हरसाइज पिस्टन साधारणपणे ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिलिमीटरच्या टप्प्यांत मिळतात. गॅरेजच्या भाषेत दहा, वीस, तीस, चाळीस थाऊ. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. इथे ०.२५ चा पिस्टन चालणार नाही, कारण १००.२५ पर्यंत कापलं तरी झिजलेली जागा त्याच्या बाहेरच राहते. मग ०.५० ला जावं लागतं.

नियम एकच: आधी पिस्टन आणा, मग बोअर करा. पिस्टन मायक्रोमीटरने मोजायचा आणि कंपनीने सांगितलेली फट ठेवून सिलेंडर कापायचा. उलट केलं की पिस्टन ढिला तरी बसतो नाहीतर गरम झाल्यावर अडकतो.

बोअरिंगनंतर होनिंग. यात सिलेंडरच्या भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेषा पाडतात. या रेषांमध्ये तेल टिकून राहतं आणि नव्या रिंगा भिंतीशी जुळतात. आरशासारखा गुळगुळीत सिलेंडर दिसायला छान, पण त्यावर तेल टिकत नाही.

बऱ्याच मोठ्या डिझेल इंजिनांत मात्र बदलता येणारा लायनर असतो. वेट लायनरच्या बाहेरच्या बाजूला थेट पाणी फिरतं. तिथे सहसा बोअर न करता लायनर, पिस्टन आणि रिंगांचा नवा सेटच टाकतात. पण लायनर ब्लॉकच्या वर किती बाहेर येतो हे डायल गेजने मोजलंच पाहिजे. तो खाली बसला तर हेड गॅस्केटवर नीट दाब येत नाही आणि काही दिवसांत गॅस्केट उडतं.

२. क्रँकशाफ्ट: इथेच खरी परीक्षा

क्रँक बेअरिंगला टेकून फिरत नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. त्यासाठी जर्नल आणि बेअरिंग यांच्यात ठरावीक फट लागते. ढोबळ अंदाज असा की जर्नलच्या व्यासाच्या साधारण हजारावा भाग. ७० मिलिमीटरच्या जर्नलला ०.०७ मिलिमीटरच्या आसपास. नेमका आकडा त्या इंजिनच्या मॅन्युअलमधलाच घ्यायचा.

फट वाढली तर काय होतं? बेअरिंगच्या कडेने वाहून जाणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट नाही, आठपट. म्हणून थोड्या झिजेनेही ऑइल प्रेशर धपकन पडतं. आणि फट कमी ठेवली तर तेलाला जागाच नाही, बेअरिंग तापून चिकटतं.

जर्नल झिजला की तो ग्राइंडिंग मशीनवर बारीक करतात आणि तेवढंच जाड बेअरिंग टाकतात. ७०.०० चा जर्नल झिजून ६९.९१ झाला असेल तर तो ६९.७५ करायचा आणि ०.२५ अंडरसाइजचं बेअरिंग बसवायचं. इथे तीन गोष्टी विचारा:

- क्रॅक टेस्ट केली का? क्रँक चुंबकीय करून त्यावर लोहकण सोडतात. चीर असेल तिथे कण रेषेत जमतात. ही टेस्ट ग्राइंडिंगआधी करायची. चिरलेल्या क्रँकवर पैसे घालण्यात अर्थ नाही.
- कोपऱ्याची गोलाई राखली का? जर्नल जिथे संपतो तिथला कोपरा गोलसर हवा. तो काटकोनी कापला गेला तर ताण तिथेच साठतो आणि क्रँक तिथूनच तुटतो.
- कडक थर शिल्लक आहे का? नायट्रायडिंग केलेल्या क्रँकवरचा कडक थर मिलिमीटरच्या काही दशांशांइतकाच असतो. जास्त ग्राइंड केलं तर तो जातो आणि पुन्हा नायट्रायडिंग करावं लागतं.

जोडताना फट मोजायची सोपी युक्ती म्हणजे प्लास्टिगेज. जर्नलवर मऊ प्लास्टिकचा बारीक धागा ठेवून कॅप योग्य टॉर्कने आवळायची, क्रँक न फिरवता परत सोडायची आणि धागा किती चपटा झाला ते पट्टीवर बघायचं. काकांच्या इंजिनाला हे दहा मिनिटांचं काम झालं असतं आणि त्याचा एक फोटो असता, तर निदान दोष कुणाचा ते तरी कळलं असतं.

३. हेड आणि व्हॉल्व्ह

हेड तापून वाकतं. सरळ पट्टी आणि फीलर गेजने ते तपासतात आणि गरज असेल तर सरफेस ग्राइंडिंग करतात. पण डिझेलमध्ये पिस्टन वर आल्यावर हेडपासून अगदी थोड्या अंतरावर असतो. जास्त घासलं तर व्हॉल्व्ह पिस्टनला आपटू शकतात. त्यामुळे किती घासायचं याला मर्यादा आहे, काही इंजिनांत तर ते करायचंच नसतं. व्हॉल्व्ह सीट कापल्यावर व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासून बसवतात, आणि चिरा शोधायला हेडमध्ये दाबाखाली पाणी किंवा हवा सोडून बघतात.

४. पंप आणि नोझल

याला आजही अनेक जण ‘मायको पंप’ म्हणतात, कारण १९५१ साली सुरू झालेल्या मायको कंपनीचे पंप देशभर पोचले. पुढे २००८ मध्ये तिचं नाव बॉश झालं. पंपातला प्लंजर आणि त्याचं बॅरल यांच्यातली फट काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश असते. ही जोडी एकमेकांसाठीच घासलेली असते, एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये घालायचा नाही. पंप टेस्ट बेंचवर लावून प्रत्येक सिलेंडरला सारखं डिझेल जातं का हे जुळवतात. डिझेलमध्ये पाणी किंवा कचरा गेला तर सर्वात आधी हाच भाग बिघडतो, म्हणून फिल्टर आणि वॉटर सेपरेटरकडे दुर्लक्ष नको.

समुद्रातलं इंजिन वेगळं का?

ट्रकचं इंजिन उतारावर, सिग्नलला जरा विसावतं. बोटीचं इंजिन तासन्‌तास एकाच लोडवर चालतं. प्रोपेलरला लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या, म्हणजे आरपीएमच्या, घनाने वाढते. आरपीएम ९० टक्क्यांवर आणला तर लोड साधारण ७३ टक्क्यांवर येतो. म्हणजे थ्रॉटल थोडा कमी केला तरी इंजिनला मोठा आराम मिळतो. उलट, बोटीच्या तळाला शिंपले चिकटले किंवा प्रोपेलर चुकीच्या मापाचा असेल तर नवं बांधलेलं इंजिनही काळा धूर टाकणार. तो दोष इंजिनचा नाही.

दुसरं, मीठ. समुद्राचं पाणी थेट इंजिनमधून फिरवलं तर गरम जागी क्षार जमतात आणि पाण्याचे मार्ग बुजतात. त्यापेक्षा हीट एक्स्चेंजर बरा: इंजिनमध्ये कूलंट आणि गोडं पाणी, आणि त्याला थंड करायला बाहेरून खारं पाणी. त्यात झिंकचा तुकडा बसवलेला असतो. मीठ आधी झिंकला खातं, बाकीचा धातू वाचतो. हा तुकडा संपण्याआधी बदलायचा असतो, आणि नेमका तोच विसरला जातो.

तारकर्ली-देवबागला पर्यटकांना फिरवणाऱ्या बहुतेक छोट्या होड्यांवर मात्र पेट्रोलवर चालणारी आउटबोर्ड मोटर असते. तिचं काम वेगळं, पण रोज गोड्या पाण्याने आतून धुवायचा नियम तिलाही लागू.

‘परफॉर्मन्स’ इंजिन म्हणजे वेगळं काही आहे का?

मशीन तीच, शिस्त जास्त कडक. रेसिंगचं इंजिन बांधताना पिस्टन आणि रॉड वजन करून सारखे करतात, क्रँक बॅलन्स करतात, होनिंग करताना ब्लॉकवर जाड टॉर्क प्लेट आवळतात, कारण हेडचे बोल्ट आवळल्यावर सिलेंडर किंचित वाकतो आणि तो त्याच अवस्थेत गोल हवा.

एक गैरसमज दूर करू. रिबोअर केल्याने गाडी ‘पळते’ असं म्हणतात. १०० चा बोअर १००.५० केला तर सीसी फक्त १ टक्का वाढते. जो फरक जाणवतो तो कॉम्प्रेशन परत आल्याचा. खरी ताकद जास्त हवा आणि जास्त इंधन जाळून येते, आणि त्याबरोबर उष्णता आणि दाबही वाढतो. रेसला तेवढंच चालतं, पण मासेमारीच्या बोटीचं इंजिन किनाऱ्यापासून मैलोन्‌मैल दूर बंद पडून चालत नाही. पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवण्याचा मोह टाळा. आणि रस्त्यावरच्या गाडीचं इंजिन बदलायचं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरटीओची परवानगी लागते.

जोडणी, अलाइनमेंट आणि रन-इन

मशीनवरून आलेला ब्लॉक आधी धुवा. तेलाच्या मार्गात राहिलेला धातूचा कण नवं बेअरिंग काही तासांत ओरबाडतो. बोल्ट टॉर्क रेंचनेच, सांगितलेल्या क्रमाने आवळा.

बोटीत इंजिन आणि प्रोपेलर शाफ्टचे कपलिंग जुळवतात, ते शेवटी बोट पाण्यात असताना तपासायचं. जमिनीवर टेकू लावलेली बोट आणि तरंगणारी बोट यांचा आकार किंचित वेगळा असतो.

रन-इनमध्ये दोन चुका होतात. एक, पहिल्याच दिवशी पूर्ण थ्रॉटल. दुसरी, ‘सांभाळून’ म्हणत तासन्‌तास नुसतं आयडलवर ठेवणं. रिंगा भिंतीशी जुळायला वायूचा दाब लागतो. म्हणून मध्यम, कमी-जास्त होणारा लोड द्या, हळूहळू वाढवा, किनाऱ्याजवळच राहा आणि पहिलं ऑइल व फिल्टर लवकर बदला.

तुमचा मोबाईल इथे काय करू शकतो?

१. सोडताना प्रत्येक टप्प्याचा फोटो. कोणती कॅप कुठली, बाण कोणत्या बाजूला.

२. मायक्रोमीटर आणि गेजवरच्या मापांचा फोटो, तारखेसह एका शीटमध्ये.

३. आवाजाची नोंद. स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या अ‍ॅपने आरपीएमचा अंदाज येतो. सहा सिलेंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन १५०० आरपीएमला सेकंदाला ७५ वेळा पेटतं, म्हणजे ७५ हर्ट्झला उंचवटा दिसेल. फोनचा माइक इतके खालचे आवाज कमी पकडतो, त्यामुळे १५० हर्ट्झचाही बघा.

चांगल्या स्थितीतल्या इंजिनचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा, पुढे तुलनेला कामी येतो. बाकी आमचे काका अ‍ॅपशिवायच सांगतात, “आवाज बदललो हा, बघून घे.” तो सल्लाही ऐकायचा.

पैसे देण्याआधी हे मागा

- कामाची लेखी यादी आणि वापरलेल्या पार्टचे खोके
- सिलेंडर आणि जर्नलची आधीची व नंतरची मापं
- क्रॅक टेस्ट आणि पंप टेस्टचा रिपोर्ट
- काढलेले जुने पार्ट
- गरम इंजिनवर ऑइल प्रेशर किती, त्याचा फोटो

हे शिकायचं असेल तर?

आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक हा एक वर्षाचा ट्रेड आहे, मशिनिस्ट आणि टर्नर दोन वर्षांचे. मालवणात शासकीय तंत्रनिकेतन आहे. मासेमारी बोटींच्या इंजिनांतच करिअर करायचं असेल तर कोचीच्या सिफनेट या केंद्र सरकारच्या संस्थेचा मरीन फिटर कोर्स बघा.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडीला लोखंडी नांगरांचा कारखाना उभारला आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. डिझेल इंजिन आपल्याकडे नवं नाही, ते बांधणारे हातही कमी नाहीत. कमी पडते ती लिहून ठेवायची सवय. या पावसाळ्यात घरचं इंजिन उघडणार असेल, तर शेजारी फोन घेऊन बसा आणि मापं टिपा. हंगाम सुरू झाल्यावर दर्यात तीच उपयोगी पडतील.